घोंगडी कागदांवर टाकणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील. पण लिहितेय ते सगळ्यांसमोर. कोयनेच्या खोऱ्यात वनहक्काच्या, म्हणजे रानात राहणाऱ्यांच्या जमिनीवरच्या हक्काच्या, मोजणीला जायला निघालेल्या आम्हा पोरापोरींना खरं तयार कुणी केलं, ते साताऱ्यात चार जणांना कळायला हवं.

तुमच्याकडे येण्याआधी आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. गार हॉल, पडद्यावर नकाशे, दुपारी जेवण. दाट झाडीत जीपीएस भलतीच जागा दाखवायला लागलं तर काय करायचं, असं विचारलं, तर शिकवणारे साहेब म्हणाले, "पुस्तिकेत आहे." पुस्तिकेत नव्हतं. त्याहून राग आहे तो एका कचेरीतल्या उत्तराचा. "अभयारण्यात कसले हक्क? आणि धनगरांकडे पुरावा काय?" २००६ च्या वनहक्क कायद्यात अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही येतात. आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात हे खरं. पण त्यासाठी वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं, विहिरी हे सगळं पुरावा म्हणून नियमांनीच धरलंय. खुर्चीवरच्या माणसाला हे ठाऊक नसेल, तर धनगरवाड्यावरच्या माणसानं कुणाकडे बघायचं?

तुम्ही आधी आमच्या पायांकडे बघितलंत, मोज्यांत तंबाखूची भुकटी भरायला लावलीत आणि चालायला लागलात. जांभूळ, पिसा, अंजनीच्या गच्च रानात यंत्रावरचा आकडा नाचायला लागला, तेव्हा तुम्ही वर बघून म्हणालात, "हितं आपल्याला आभाळ दिसंना, त्याला कसं दिसंल? सड्यावर चला." सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, आकडा थांबला.

आणि मग ती सर. शेजारच्या वाडीतल्या आजींचा जबाब आम्ही सरावासाठी म्हणून लिहायला घेतला होता, पण त्या बोलत गेल्या तसा तोच पक्का ठेवायचं ठरलं. गुरं कुठल्या झऱ्यावर पाजायची, देवाचा दगड कुठं, सासऱ्यांना कुठं पुरलं. खाली त्यांचा अंगठा, शाई पुरती वाळलेलीही नव्हती. परतताना मृगाचा पाऊस कोसळला आणि माझ्या खांद्याला कापडी पिशवी. तुम्ही डोक्यावरची घोंगडीची खोळ काढलीत, फाईल तिच्यात गुंडाळलीत, कडा आत मुडपल्यात आणि ते गाठोडं माझ्या हातात दिलंत. मी म्हटलं, "मामा, तुम्ही भिजताय." तुम्ही म्हणालात, "मी वाळतूय. कागुद बी वाळंल. अंगठा ऱ्हायचा न्हाय."

एक पान भिजलं नाही. तुम्ही उतार संपेपर्यंत कुडकुडत होतात, तरी वाटेत माझ्या पोटरीवरची जळू चुना लावून तुम्हीच सोडवलीत.

मामा, तो जबाब तुमच्या वाड्याचा नव्हता. त्यातून तुम्हाला एक गुंठाही मिळणार नाही. दुसऱ्याच्या अंगठ्याला एवढं जपणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि शिकलेल्या माणसांत तर मुळीच नाही. त्या कचेरीत आजींनी पूर्वी दिलेला अर्ज सापडत नाही म्हणतात. तिथं पंखा आहे, कपाट आहे, कुलूपही आहे. तुमच्याकडे एक घोंगडी होती. असली माणसं आपल्या जिल्ह्यात डोंगराच्या कुशीत राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात गुरं राखली, त्या रानावर कागदोपत्री त्यांचंच नाव नसतं, हे मनाला फार लागतं. म्हणून तर हे काम सोडवत नाही.

दसऱ्यानंतर पाऊस उघडला की आम्ही मोजणीला येतोय. फायलींना या खेपेला प्लॅस्टिकची वेष्टणं केलीत. कराडची काही नवी मुलं सोबत आहेत, रानात कधी गेलेली नाहीत. त्यांना पहिल्या दिवशी तुम्हीच घेऊन चला, एवढी विनंती. मामींना नमस्कार सांगा.

आपली,
साताऱ्याची भाची