नॅलॉक्सोन वस्तीत पोहोचवण्यासाठी महापालिकेने स्वतंत्र तरतूद करावी

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका.

महोदय,

गर्द, म्हणजे हेरॉईन, ओढणारा किंवा टोचून घेणारा माणूस मात्रा जास्त झाल्याने मरतो, तेव्हा तो पुष्कळदा एकटा नसतो. पुलाखाली, रुळांच्या कडेला किंवा एखाद्या बंद गाळ्यात त्याचेच दोन-तीन सोबती शेजारी बसलेले असतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा श्वास मंदावत जातो, घशातून घरघर येऊ लागते, ओठ निळे पडतात. ते तोंडावर पाणी मारतात, थोबाडीत देतात, कोणी तर मिठाचे पाणी शिरेत टोचते, पण यांपैकी कशानेही श्वास परत येत नाही. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की चार-सहा मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते, आणि तेवढ्या वेळात या शहराच्या वाहतुकीतून रुग्णवाहिका तिथवर पोहोचणे जवळपास अशक्य आहे.

अशा वेळी उपयोगी पडणारे नॅलॉक्सोन हे औषध जुने आहे आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. ते टोचल्यावर दोन ते पाच मिनिटांत श्वास पूर्ववत होऊ लागतो. त्याने नशा होत नाही, त्याची सवय लागत नाही. एमडीवर (मेफेड्रोन) किंवा झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही, हे मी स्पष्टच नमूद करते. मात्र गर्दसोबत गोळ्या घेतलेल्या माणसाचा गर्दमुळे अडलेला श्वास त्याने मोकळा होऊ शकतो. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, त्यामुळे रुग्णालय टळत नाही. पण रुग्णालय गाठेपर्यंत माणूस जिवंत राहतो.

बेशुद्ध माणूस स्वतःला इंजेक्शन देऊ शकत नाही. म्हणून हे औषध अपघात विभागाच्या कपाटात असून भागत नाही, ते शेजारी बसलेल्याच्या खिशात असावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये नेमकी हीच शिफारस केली. सॅन फ्रान्सिस्को शहराचा आरोग्य विभाग २००३ पासून अशा वाटपाला पैसा पुरवत आला आहे, तर आपल्याच देशात मणिपूर आणि नागालँडमधील वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी या औषधाने जीव वाचवले आहेत.

डॉक्टर नसलेल्याच्या हाती इंजेक्शन कसे द्यायचे, हा आक्षेप मी बैठकांमध्ये अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच देऊन ठेवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला जेंटामायसीनचे इंजेक्शन देण्याचे कामही त्या करत, आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. चार दिवसांच्या बाळाला सुई टोचण्याचे कसब ज्यांना शिकवता येते, त्यांच्याच राज्यात प्रौढ माणसाच्या दंडात सुई टोचायला शिकवता येणार नाही, हे मला मुळीच पटत नाही. त्यासाठी लागणारी औषध प्रशासनाची परवानगी आणि डॉक्टरांचे स्थायी आदेश (दर वेळी नवी चिठ्ठी न लागता औषध देण्याची आगाऊ लेखी मुभा) मिळवणे हे महापालिकेच्या आरोग्य विभागालाच शक्य आहे, आमच्यासारख्या संस्थांना नाही.

आता पैशांविषयी. २०२५-२६ चा आपला अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात या कामासाठी लागणारी रक्कम शोधावीही लागणार नाही इतकी लहान असेल, पण ती स्वतंत्र लेखाशीर्षाखाली हवी, नाहीतर पहिल्याच काटकसरीत ती नाहीशी होते. औषधाच्या कुप्या आणि सिरिंज, तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण, वापरलेल्या कुपीच्या जागी लगेच नवी, आणि पिअर म्हणून, म्हणजे स्वतः नशेचा अनुभव असलेले सोबती-कार्यकर्ते म्हणून, काम करणाऱ्यांना वेळेवर मानधन, एवढे त्यातून भागले पाहिजे. वाटप नशा टोचून घेणाऱ्यांना सुया-सिरिंज देणाऱ्या केंद्रांतून आणि महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांतून व्हावे. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडणाऱ्याला हे औषध आवर्जून मिळावे. काही आठवडे नशेविना राहिलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते. बाहेर आल्यावर तो पूर्वीचीच मात्रा घेतो, आणि जी मात्रा त्याला कधीकाळी पचत होती तीच त्याचा जीव घेते.

एक अडचण पैशाने सुटणार नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे, त्यामुळे १०८ ला फोन केला तर पोलीस आपल्यालाच उचलतील या भीतीने सोबती पळून जातात. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. यांना तसे काहीच नाही. कायदा बदलणे आपल्या हाती नाही, परंतु मदतीसाठी थांबलेल्याला त्रास देऊ नये असे लेखी निर्देश पोलीस ठाण्यांना मिळावेत, यासाठी आपण पोलीस आयुक्तांशी बोलू शकता.

पुढचा अर्थसंकल्प मांडला जाण्यापूर्वी सार्वजनिक आरोग्य विभागाने या वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांना आणि त्यांच्या पिअरना बैठकीला बोलवावे, ही विनंती. कुप्या किती लागतील, कोणत्या स्थानकाजवळ लागतील आणि रात्री त्या कोणाकडे असाव्यात, हे तेच नेमके सांगू शकतील.

आपली विश्वासू,
व्यसनी व्यक्तींसोबत काम करणारी एक मुंबईकर कार्यकर्ती