आम्हाला घर विकत नको, भाड्यानं द्या

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

मी नवी मुंबईत दिघ्यात राहते, रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला आहे. नवरा रिक्षा चालवतो, तीही भाड्याची. दोघांचे मिळून महिन्याला तीस-बत्तीस हजार सुटतात.

जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले होते. पुढचे अकरा महिने भरले तसे मालक म्हणाले, "आता स्टेशन आलं ना दाराशी." भाडं दीड हजारानं वाढलं, डिपॉझिट चाळीसचं साठ झालं. रूम तीच, पाणी यायची वेळही तीच. वरचे वीस हजार मी बचत गटातून उचलले. व्याज मी भरते, रक्कम मालकाकडे.

नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, सिडकोची, घरांची लॉटरी निघाली की सगळे सांगतात, फॉर्म भर. मागच्या वेळी तळोज्यातलं लहानातलं लहान घर पंचवीस लाखांच्या आसपास होतं. म्हणजे एकाचा अख्खा पगार हप्त्यात. शिवाय तळोज्याहून सकाळी सातच्या पाळीला रबाळ्याला पोचायचं कसं, हे फॉर्ममध्ये कुणी विचारत नाही. आम्हाला भाड्याचंच घर हवंय, फक्त नोंदवलेल्या करारावर.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ एकानं मोबाईलवर वाचून दाखवलं. करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. नोंदवला नाही तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या. ऐकून हसू आलं. अटी सांगायला गेले तर त्याच संध्याकाळी भांडी-कुंडी रस्त्यावर! मालकाला तरी किती बोलू? इमारतीलाच परवानगी नसेल तर तो करार नोंदवायला कसा पुढे येईल? दिघ्यातल्या अनधिकृत इमारतींचं प्रकरण २०१५ मध्ये हायकोर्टात गाजलं. आमच्या खिशाला झेपणाऱ्या रूम नेमक्या तसल्याच इमारतींत असतात.

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं (एमएमआरडीए) २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. ठाण्यातल्या त्या घरांत पुढे रस्तारुंदीकरणात आणि धोकादायक इमारतींतून हलवलेली कुटुंबं राहायला गेली. त्यांनाही छप्पर हवंच होतं, तक्रार नाही. पण नुसता भाडेकरू म्हणून अर्ज करावा अशी खिडकी आम्हाला कुठे सापडली नाही.

म्हणून मागणी एवढीच. सिडको यापुढे बांधेल त्यातली काही घरं विकूच नका. एमआयडीसीला लागून ठेवा, मालकी सरकारचीच राहू द्या, भाडं पगार बघून घ्या आणि नोंदवलेला करार हातात द्या. केंद्रानं राज्यांसाठी नमुना म्हणून आखलेल्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच ठेवलंय. तेवढं एक कलम तरी इथे लागू करा.

आमचे अकरा महिने ऑक्टोबरात पुन्हा भरतात. मुलगी यंदा दहावीला आहे.

आपली,
दिघ्यातली एक भाडेकरू