अंडं सगळ्यांच्याच ताटात हवं

मा. संपादक,

एचआयव्हीवरची औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली, म्हणून आमच्या भागातली कितीतरी लेकरं आज वर्गात दिसतात. पण नुसत्या गोळ्यांवर अंग धरत नाही. संसर्ग असलेलं मूल ठणठणीत दिसत असलं तरी त्याला दहा टक्के जास्त ऊर्जा लागते, वजन घटत असेल तर पन्नास ते शंभर टक्के, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे आईबाप गेलेले, आजी लोकांच्या रानात खुरपायला. सकाळी ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी आणि वर कोरा चहा. त्या चहानं भाकरीतलं लोहही नीट अंगी लागत नाही.

त्याच घरातल्या धाकट्याला संसर्ग नाही, म्हणून औषध केंद्राच्या यादीत त्याचं नाव नाही. ताट मात्र दोघांचं एकच. लोह, जस्त, ‘अ’ जीवनसत्त्व, बी-१२ कमी पडतं ते दोघांनाही. धाकट्याला सगळे ‘अंगानंच बारीक आहे’ म्हणून सोडून देतात.

संसर्ग असलेल्या मुलांना शाळेत वेगळा खुराक द्यावा, असं सुचवणारे भेटतात. कृपा करून तसं करू नका. एका लेकराला वेगळी वाटी मिळाली की संध्याकाळपर्यंत त्याचं कारण पारावर पोचतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण पारावर कायद्याला कोण विचारतो!

द्यायचं तर सगळ्यांना द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळी. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यांचा निधी काढून घेतला आणि लोकसहभागातून भागवा म्हटलं. बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, वर्गणी मागायची कुणाकडे? तो निधी परत सुरू व्हावा, आणि अंडी आठवड्याला दोन असावीत.

आणखी एक. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर उपाशीपोटी लोहाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्यावीत किंवा मध्ये काही तासांचं अंतर ठेवावं लागतं. कोणतं मूल हे औषध घेतं ते शाळेला ठाऊक नसतं, नसावंच. तेव्हा औषध केंद्रातल्या समुपदेशकांनी हे आजीला समजेल अशा बोलीत सांगावं, आणि शाळांनी लोहगोळी जेवणानंतरच द्यावी.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. केज, जि. बीड