फळीवरच्या तीन बाटल्या : कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या घरी फवारणीच्या औषधांच्या फळीवर 'नॅनो' लिहिलेल्या तीन बाटल्या आहेत. नॅनो युरियाची बाटली मी मागितली नव्हती, युरियाच्या गोणीबरोबर ती घ्यावीच लागली. आमच्याकडे याला 'लिंकिंग' म्हणतात. हा शब्द आपल्याला नवा नसणार. दुसरी नॅनो झिंकची. तिसरी चांदीची. सांगोल्याच्या मेहुण्याने डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी आणली आणि उरलेली मला दिली. तिच्यावर चांदी किती, कणाचा आकार काय, कुणाच्या परवान्याने विकली, काही लिहिलेलं नाही.

2024 साली सोयाबीन-कापसाच्या विशेष कृती योजनेसाठी आपल्या खात्याने नॅनो युरिया आणि नॅनो डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) खरेदी केलं. दरांवरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. भाव किती, याची चर्चा महिनोन्‌महिने चालली. हे सगळं शेवटी ज्या मातीवर पडणार, तिचा विषय मात्र मला कुठे वाचायला मिळाला नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या बाटलीने माती बिघडेल अशी भीती मला नाही. युरिया कितीही बारीक केला तरी तो युरियाच. पानात नाहीतर मातीत त्याचं विघटन होतं, मागे काही उरत नाही. तिथला वाद उपयोगाचा आहे. सुरुवातीच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम नत्र होतं. 45 किलोच्या गोणीत ते 20 किलोंहून जास्त असतं. तरी बाटली गोणीची जागा घेईल, असं आम्हाला सांगितलं गेलं. पुढे बाटलीतलं नत्र वाढवलं, पण हिशेब ग्रॅममध्येच राहिला. कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये या दाव्यांवर जाहीर आक्षेप घेतला. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत भात आणि गव्हाचं उत्पादन घटलेलं दिसलं. नुकसान झालं ते खिशाचं आणि पिकाचं.

धातूंचं तसं नाही. जस्त, तांबं, चांदी कुजत नाहीत, उडून जात नाहीत. पानावर फवारलेलं पावसाने धुऊन मातीत येतं आणि तिथेच मुक्काम करतं. नॅनो म्हणजे 1 ते 100 नॅनोमीटर, मीटरचा अब्जावा भाग हे ज्याचं माप. इतक्या बारीक कणाचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड असतो. कणाची सगळी करामत तिथेच आहे, आणि धोकाही तिथेच. मातीत गेल्यावर तो विरघळेल, सेंद्रिय पदार्थाचं आवरण घेऊन बसेल की गोळा होऊन निष्क्रिय होईल, हे माती ठरवते. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत झिंक ऑक्साइड लवकर विरघळतं. आमच्या चुनखडीच्या, आठच्या आसपास सामू (पीएच) असलेल्या काळ्या रानात सावकाश. मग दापोलीला एक आणि लातूरला दुसरं घडणार असेल, तर दोन्हीकडे एकाच मात्रेची शिफारस कशाच्या आधारावर?

आता सोयाबीन. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी एक झाड अलगद उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर रायझोबियम, म्हणजे गाठीतला नत्र बांधणारा जिवाणू, कामाला लागलाय. हिरवट-करडी निघाली तर समजायचं, घोटाळा आहे. सोयाबीनला लागणाऱ्या नत्राचा साधारण अर्धा वाटा या गाठी हवेतून फुकट आणून देतात. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम लावा, असं आपलेच कृषी सहायक बांधावर येऊन सांगतात, आणि बरोबरच सांगतात. 2012 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रातल्या संशोधकांनी सोयाबीनच्याच मातीत दोन प्रकारचे नॅनोकण मिसळून पाहिले. जस्त पानांत आणि दाण्यांतही गेलं. सेरियम ऑक्साइड, जे डिझेलमध्येही मिसळतात, त्याच्या मोठ्या मात्रेत गाठींचं नत्र बांधण्याचं काम जवळपास बंद पडलं. प्रयोग हरितगृहातला होता आणि मात्रा आपल्या फवारणीच्या कितीतरी पट होत्या, हेही सांगायला हवं. पण एका हंगामाच्या फवारणीने जे होत नाही ते वीस हंगामांनी होईल का, हे आपल्याकडे कोण मोजतंय?

तिसऱ्या बाटलीची मला खरी धास्ती आहे. चांदी जिवाणू मारते, म्हणूनच ती तेल्यावर मारतात. तेल्याचा जिवाणू आणि रायझोबियम यांतला फरक चांदीला कळत नाही. चांदीचे नॅनोकण असलेल्या मातीतून गांडुळं बाजूला सरकतात, हे प्रयोगात दिसलंय. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी सांडपाण्याच्या गाळातून चांदीचे अगदी थोडे नॅनोकण उघड्यावरच्या मातीत दिले. 2013 मध्ये छापून आलेले निष्कर्ष असे की सूक्ष्मजीवांचं एकूण वजन सुमारे एक तृतीयांशाने घटलं आणि आठव्या दिवशी मातीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड, हा हवा तापवणारा वायू, साडेचार पट झाला. कपड्यांतली, वॉशिंग मशिनमधली चांदी शहरांच्या मैलापाण्यात उतरते. वाटेत तिचा बराचसा भाग सल्फाइड होऊन मवाळ होतो, सगळा नाही. शहरी कंपोस्टच्या मानकांत शिसं, कॅडमियम, पारा यांच्या मर्यादा आहेत. चांदीचा रकाना नाही.

मोरचुदाची गोष्ट द्राक्षवाल्यांना माहीत असेल. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण निघालं तेव्हा ते वरदानच होतं. जुन्या बागांच्या मातीत तांबं साचत गेलं आणि शेवटी 2019 पासून युरोपात सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंची मर्यादा घालावी लागली. मधे शंभराहून अधिक वर्षं गेली.

खत नियंत्रण आदेश केंद्राचा आहे आणि 2020 ची नॅनो निविष्ठांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वंही केंद्राचीच, हे मला ठाऊक आहे. पण राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची विद्यापीठं आपली आहेत. धातूंची नॅनो उत्पादनं त्यांच्या प्रक्षेत्रांत एकाच तुकड्यावर किमान पाच वर्षं फवारून पाहा. पिकाच्या उत्पादनाबरोबर गाठी मोजा, गांडुळं मोजा, मातीतल्या विकरांची (एन्झाइमांची) हालचाल मोजा. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा नोंदी असतात, पैकी जिवंत गोष्टीची एकही नाही. निदान निवडक गावांत ती तेरावी नोंद सुरू करा. निकाल येईपर्यंत अशा उत्पादनांवर राज्याचं अनुदान नको. आणि फ्रान्समध्ये 2013 पासून नॅनो पदार्थांची सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे. आपल्या गुणनियंत्रण निरीक्षकांनी निदान तालुक्यातल्या दुकानांत 'नॅनो' नावाने काय काय विकलं जातं याची यादी तरी करावी. माझ्या तिसऱ्या बाटलीसारख्या किती सापडतील, मला उत्सुकता आहे.

चारही विद्यापीठांना या चाचण्यांसाठी पत्र जाईल का, आणि येत्या खरिपाच्या आधी जाईल का, एवढं कळवावं. तोवर ती बाटली फळीवरच आहे. ओतून टाकायची तर कुठे, हेही तिच्यावर लिहिलेलं नाही.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक सोयाबीन उत्पादक