सायलीला, उतरण्याबद्दल

बाय सायली,

तू बांधलेल्या विमानाचे फोटो मिळाले. आईचे सगळ्या वाड्यावर दाखवून झालेत, म्हापशाची आत्या विचारत होती की कांदिवलीच्या गच्चीवर त्या अमोल यादवांनी बांधलं तसलंच काय गो हे, म्हटलं तसलंच, पण हे किटचं आणि गॅरेजातलं. रंग झकास आहे. पण तू लिहिलंयस की फायनलला, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, 65 नॉट स्पीड धरणार, का तर तुझा तो मित्र तेच धरतो, ते वाचून मला झोप लागेना.

त्याचं विमान वेगळं, तुझं वेगळं गो. किट एकच असलं तरी इंजिन, प्रॉप (पुढचा पंखा), वजन कुठे सारखं असतं, आणि स्टॅटिकचं, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणारं, भोक जरा इकडेतिकडे झालं की एअरस्पीड इंडिकेटर, म्हणजे स्पीडचा काटा, चक्क थापा मारतो. म्हणून आधी चांगलं पाच हजार फुटांवर जा, पंखांमागचे फ्लॅप खाली घे, पॉवर काढ आणि स्टॉल करून बघ, म्हणजे पंख विमान उचलून धरायचं कधी सोडतात ते. काट्यावर जो आकडा दिसेल त्याला 1.3 ने गुणायचं, तो तुझा फायनलचा स्पीड. 50 ला स्टॉल झालं तर 65 बरोबर, पण 54 ला झालं तर 70 पाहिजे, मग मित्राचे 65 घेऊन काय करणार?

आणि फायनलला वळताना रनवेची लाइन ओलांडून पुढे गेलीस तर खेचून, रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) दाबून वळवायचं नाही. हिशेब बघ, 50 ला स्टॉल होणारं विमान उंची धरून 45 डिग्री कललं की साधारण 60 ला स्टॉल होतं, 60 डिग्रीला 70 च्या वर, म्हणजे तुझे 65 तिथे कमीच पडले. त्यात रडर जास्त झालं तर स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली, आणि जमीन जेमतेम चारपाचशे फुटांवर. सरळ पॉवर दे, वर जा, परत ये. पेट्रोल किती जाणार?

दाबोळीला नेव्हीत मी हॅरियर जेट बघत म्हातारा झालो, ते उभ्याने उतरायचं, त्याला हे लफडंच नाही :) तुझं टेलव्हीलवालं, तिसरं चाक शेपटीखाली, वजन मेन चाकांच्या मागे. मॉलमधली ट्रॉली उलटी ढकलून बघ, कशी गर्रकन फिरते, विमान जमिनीवर तसंच फिरतं, ग्राउंड लूप तोच. टेकलं म्हणून पाय सैल सोडू नकोस, थांबेपर्यंत रडरवर नाचत राहायचं. उसळलं तर नाक खाली ढकलू नकोस, दुसरी उडी आणखी मोठी बसते आणि प्रॉप जमिनीला लागतो. आणि एवढं हलकं विमान पॉवर काढल्याबरोबर स्पीड गमावतं, मोपाला उतरणाऱ्या मोठ्या विमानांसारखं तरंगत राहत नाही.

त्याच मॉडेलवर ट्रेनिंग देणारा कोण मिळाला की नाही ते लिहिलंच नाहीस. रिकामं वजन किती भरलं, सीजी (वजनाचा मध्य) कुठे आला, तेही कळव. वजनकाट्याचा फोटो पाठव, नुसता आकडा नको.

तुझा,
बाबा