पुस्तकं वाचून झाली, घ्यायला ये

प्रिय पिंके,

लग्नानंतर पुण्याला जाताना तू जी पुस्तकांची पिशवी माझ्या गळ्यात मारून गेलीस ना, ती संपली बाई एकदाची. चारपैकी तीन ग्रीक पुराणातल्या पर्सेफोनी आणि हेडीसची, काय गं तुझं हे वेड! पाताळाचा राजा, काळे कपडे, तोंडातून शब्द फुटत नाही आणि ही दिसली की याचा जीव खालीवर. हसू नको, पण दुसरं पुस्तक मी रात्री अडीचपर्यंत वाचलं, लाईट गेली तर मोबाईलच्या टॉर्चवर.

एक गोष्ट मात्र तू लपवलीस. हेडीस देवांचा राजा झ्यूसचा सख्खा भाऊ, झ्यूस हिचा बाप, आणि हिची आई डिमिटर त्या दोघांची सख्खी बहीण. म्हणजे नवरा काकाही तोच आणि मामाही तोच!! आपल्याकडे मामाच्या पोराशी जमवतात ते एकवेळ ठीक, पण हे काय. तुझ्या पुस्तकांनी हे नातं अलगद गिळून टाकलंय.

मग मी मूळ गोष्ट शोधली, ग्रीक कवी होमरच्या नावावरचं एक जुनं स्तोत्र आहे. त्यात पोरगी मैत्रिणींसोबत फुलं तोडत असते, नार्सिससच्या फुलाला हात घालते तर जमीनच फाटते, हा रथातून येऊन तिला उचलून नेतो, ती ओरडत राहते, आणि हे सगळं बापानेच परस्पर ठरवून दिलेलं. तिला कोणी विचारलंच नाही गं. पुस्तकांत ती आपल्या मनाने खाली जाते, डाळिंब पण स्वतःच खाते, आणि हा बदल मला आवडला. पोह्यांची प्लेट घेऊन चार परक्या माणसांसमोर बसून झालेल्या पोरींना तो का आवडतो हे तुला वेगळं सांगायला नको.

डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून तिला पाताळात परत जावं लागतं, त्या दाण्यांचा हिशेब पण मजेशीर आहे, स्तोत्रात एकच दाणा, तोही त्याने गुपचूप खाऊ घातलेला, आणि रोमन कवी ओव्हिडकडे सात. हेडीस आपल्या केळीच्या रावेरचा असता तर केळं दिलं असतं, दाणेच नाही, पोरगी सुटली असती.

पण मला राग आला तो आईवरून. पुस्तकांत डिमिटर म्हणजे पोरीला कोंडून ठेवणारी खडूस बाई, प्रेमाच्या आड येणारी. अगं ती नऊ दिवस दोन्ही हातात मशाली घेऊन अन्नपाण्याशिवाय हिंडते, मग सूर्य, म्हणजे हेलिओस, सांगतो की पोरगी कुठेय. त्यावर ही धान्याची देवी पेरलेलं काही उगवूच देत नाही, माणसं उपाशी, देवांचे नैवेद्य बंद व्हायची पाळी, तेव्हा कुठे झ्यूस वाकतो. ही खरी हिरोईन, आणि तिला व्हिलन करायचं?

लेकी माहेरी येतात त्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सांजोऱ्या करता करता मी हे सगळं आजीला सांगितलं. आजी ग्रीस कुठे आहे विचारत पण नाही, डायरेक्ट म्हणाली, "तिनी माय जबर शे." आणि मग एकच प्रश्न, "मंग, आंडेर उनी का घर?" मी म्हटलं, लेक घरी आली ना, वर्षातले चार महिने सासरी आणि आठ माहेरी. आजीने हातातली सांजोरी खाली ठेवली आणि जी हसत सुटली, आठ महिन्यांची आखाजी म्हणे!

तुला सुट्टी नाही मिळाली हे तुझ्या आईला समजलंय, काकू काही बोलल्या नाहीत. झोका मात्र बांधलाच निंबाला, गल्लीतल्या पोरी खेळून गेल्या. आखाजी होऊन बारा दिवस झाले, काकूंनी दोर अजून सोडलेला नाही, काल विचारलं तर म्हणे वेळच नाही मिळाला.

पिशवी मी कुरिअर करणार नाहीये, सांगून ठेवते.

तुझीच,
गल्लीतली