ऑपरेशन लगेच का करत नाहीत

संपादक साहेब,
छाती-पोटामधल्या पडद्याला भोक असलेल्या बाळाची बातमी वाचली, बाळ वाचलं हे ऐकून बरं वाटलं, पण "जन्मताच तातडीने ऑपरेशन" हे वाचून लोकांचा भलताच समज होणार. मी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) सिस्टर होते, नातेवाईकांचं भांडण ठरलेलं, भोक आहे ना मग थांबलात कशाला, बिल वाढवायला?

थांबतात ते मुद्दाम. पडदा गर्भात आठ-दहा आठवड्यांत बंद व्हायला हवा, नाही झाला तर आतडी, जठर, कधी लिव्हरपण छातीत चढतं, बहुतेक डाव्या बाजूला, आणि फुफ्फुसाला वाढायला जागाच मिळत नाही. बाळ दगावतं ते ह्या अर्धवट फुफ्फुसामुळे आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांच्या वाढलेल्या प्रेशरमुळे. भोक शिवलं म्हणून फुफ्फुस त्याच दिवशी थोडंच मोठं होतं! 1946 मध्ये बॉस्टनच्या डॉ. ग्रॉस यांनी एका दिवसाच्याही आतल्या बाळाचं ऑपरेशन यशस्वी केल्याचं छापून आलं आणि पुढे कितीतरी वर्षं सगळे जन्मल्या जन्मल्या बाळाला थिएटरात पळवायचे. आता आधी व्हेंटिलेटरवर हलक्या हाताने सांभाळतात, बीपी-ऑक्सिजन स्थिर झालं की आतडी खाली घेऊन टाके, भोक मोठं असेल तर गोरटेक्सचा (कृत्रिम कापडासारखा) पॅच. पॅच बाळाबरोबर वाढत नाही, आतडी परत छातीत चढू शकतात, म्हणून फॉलोअपला या म्हटलं की यायचं.

खरी घाई जन्माच्या पहिल्या मिनिटांत असते. बाळ निळं, पोट खपाटीला गेलेलं, अशा वेळी मास्क लावून अंबू बॅग (हाताने हवा देण्याची पिशवी) दाबली तर हवा छातीतल्या आतड्यात भरते आणि फुफ्फुस अजूनच दबतं, इथे सरळ श्वासनलिकेत नळी टाकायची आणि पोटातली हवा काढायला दुसरी नळी. हे आधी माहीत असेल तरच तयारी होते ना? आणि कळायचा मार्ग म्हणजे 18-20 आठवड्यांची सोनोग्राफी, जी आपल्याकडे "मुलगा-मुलगी तर सांगत नाहीत, मग कशाला" म्हणून चुकवतात (हे मी कानांनी ऐकलंय). त्यातही प्रत्येक केस दिसतेच असं नाही, पण दिसली तर बाळंतपण जिथे एनआयसीयू आणि लहान मुलांचे सर्जन आहेत तिथेच ठरवता येतं, नंतर निळ्या बाळाला घेऊन ॲम्ब्युलन्स पळवायची वेळ येत नाही.

पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा आजाराचं निदान गरोदरपणाच्या कितव्या महिन्यात झालं आणि बाळ जन्मलं कुठे, एवढं वार्ताहराला जरूर विचारायला सांगा.

– एक रिटायर्ड सिस्टर, सातारा